पारख्याची जीभ

“...आनि न्हाई वळखलं तर?”

दस्तगीरबाबांनी विचारलं. उखळातलं मुसळ काही थांबलं नाही.

“तर मिशा उतरवतो,” शिवगोंडा म्हणाला. “भर पेठेत. चार माणसांदेखत.”

“मिशांचं मी काय करू?”

शिवगोंडानं मिशीवरचा हात खाली घेतला आणि नीट मांडी घालून बसला.

हा शिवगोंडा चौगुले म्हणजे निपाणीच्या तंबाखू पेठेतला नावाजलेला पारखी. पान हातात घ्यायचा, देठ मोडून बघायचा, एक तुकडा चुरून विडीसारखा वळायचा आणि असा झुरका ओढायचा की ठसका बघणाऱ्यालाच लागावा. मग डोळे मिटून सांगायचा... पान नदीकाठचं की माळाचं, वाळताना दव खाल्लेलं की कोरडं, शेताला मेंढरं बसवली होती की नाही. सहसा चुकायचा नाही. तो “चालंल” म्हणाला की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. नुसतं “हं” म्हणाला की गाडी आली तशी मागं फिरायची.

पंधरा वर्षं हे चाललं होतं. अशा माणसाच्या नाकावर माशी बसत नसली तर त्यात नवल ते काय.

पण गेल्या हंगामात एक गोष्ट घडली. कागलकडच्या एका म्हाताऱ्याच्या पानाला शिवगोंडानं “हं” म्हटलं. म्हातारा भांडला नाही, विनवण्याही केल्या नाहीत. गाडीला बैल जुंपता जुंपता त्यानं एवढंच विचारलं, “चौगुले, तुमच्या हातचं काय हाय वो?”

पेठ हसली. शिवगोंडाही हसला. पण तो सवाल कुसळासारखा आत रुतून बसला. खरंच, त्याच्या हातचं काय होतं? जन्म दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवण्यात गेला. स्वतः केलेली, स्वतः कुटलेली, स्वतःची म्हणावी अशी चिमूटभर वस्तू त्याच्यापाशी नव्हती. त्याला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं काही केल्या जाईना.

म्हणून मार्गशीर्षात, हंगाम नसल्यानं पेठ निजलेली असताना, तो वेदगंगेच्या काठी बाबांच्या तकियावर, म्हणजे फकिराच्या मठीवर, आला.

दस्तगीरबाबा गुडाकू कुटायचे. गुडगुडीत ओढायचा तंबाखू. पान, काकवी, मसाला आणि फळाचा गर एकत्र कुटून मडक्यात भरायचा, मडक्याचं तोंड लिंपायचं आणि ते मार्गशीर्ष लागेपर्यंत जमिनीत पुरून ठेवायचं. वर्षाला एकच मडकं, आणि दर वर्षी फळ वेगळं. गुडाकू इतका सौम्य की दम्याच्या म्हाताऱ्यालाही खोकला येऊ नये. मडकं उघडलं की पंचक्रोशीतली माणसं तकियावर येऊन बसायची, काही तर न ओढता नुसतीच बसायची.

आता बाबांची पंचाहत्तरी उलटली होती. मुसळ उचलताना मनगट कापायचं. हुन्नर कुणाला दिलेला नव्हता. मागायला पुष्कळ आले, चार दिवस बसले आणि उठून गेले.

“मला शिकवा,” शिवगोंडा म्हणाला होता.

“काय येतं तुमाला?”

“पारख येते. माझ्या जिभंला दुसरी तोड न्हाई.”

“मग झालंच की,” बाबा म्हणाले होते. “मडकं कालच काढलंय. अजून कुणी ओढलेला न्हाई. ह्यात फळ कुठलं ते सांगा, आनि मुसळ घ्या.”

“येवढंच?”

“येवढंच. दिसाला एक चिलीम. एक उत्तर.”

“किती दिस?”

“मडकं सरंपतोर.”

आणि मग तो सवाल आला, न्हाई वळखलं तर काय करशीला म्हणून, आणि मिशांची गोष्ट निघाली. शिवगोंडा पेठेतही सांगून आला होता की बाबांचं मुसळ घेऊनच परततो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या घडीला त्याला तसं वाटलं नाही. त्याला वाटलं, संध्याकाळपर्यंत निपाणी.

त्यानं तीनदा चूळ भरली. फुटाणे चावून थुंकले. डोळे मिटले, गुडगुडीची नळी ओठांना लावली आणि पेठेत ओढायचा तसा झुरका ओढला.

पाणी खदखदलं. चिलमीवरचा निखारा लालभडक झाला.

धूर आत गेला आणि... काहीच झालं नाही. घशाला मार नाही, छातीत धग नाही. शिवगोंडाची सगळी पारख त्या घशातल्या धक्क्यावर उभी होती. धक्का बसला की पान बोलायला लागायचं. इथं तर कुणी दारच वाजवत नव्हतं.

त्यानं आणखी जोरात ओढलं. मग आणखी जोरात.

“विहीर उपसताय काय?” बाबांनी विचारलं.

शिवगोंडानं डोळे उघडले. बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते. त्यांचं लक्ष बाहेर रस्त्यावर होतं. एक मेंढपाळ तकियासमोर रेंगाळला होता, तो आता पुढं चालू लागला.

“केळं,” शिवगोंडा म्हणाला.

मुसळ चालूच राहिलं.

“उद्या या.”

राहायची सोय कुंभारवाड्यात झाली. काशव्वा कुंभारीण म्हणजे पन्नाशीची विधवा, चिलमी आणि पणत्या करायची. तिनं पडवी झाडून दिली आणि राहायची एकच अट घातली.

“हितं तंबाकू वढायची न्हाई, पाव्हणं. माझा मालक ह्या धुरानंच गेला. आत वास आला तर घोंगडं भाईर फेकून देईन.”

“न्हाई वढत.”

“चिलमी मी करतो, पर वढणारा दारात नको,” काशव्वा म्हणाली, आणि चाकाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी शिवगोंडा उपाशीपोटी गेला. उपाशी जीभ धारदार असते, हा त्याचा अनुभव. ओढला, आणि जीव खाऊन ओढला.

“फणस.”

“उद्या या.”

तिसऱ्या दिवशी त्यानं गुडगुडीतलं पाणी बदलून घेतलं. नदीचं नको, विहिरीचं हवं म्हणाला. बाबांनी बदलू दिलं. मग म्हणाला, बाभळीचा निखारा उग्र पडतोय, चिंचेचा द्या. बाबांनी चिंचेचा दिला.

“अंजीर.”

“उद्या या.”

चौथ्या दिवशी चिलीम चुकली असावी म्हणाला. काशव्वाकडून नवी कोरी घेऊन आला. बाबांनी ती भरून दिली.

नाचता येईना अंगण वाकडं, असं बाबा म्हणाले नाहीत. पण ते म्हणाले असते तर शिवगोंडाला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं. बाबा भांडण देत नव्हते, शाबासकी देत नव्हते, राग देत नव्हते. ते कुटत होते आणि रस्त्याकडे बघत होते.

त्या रात्री त्याच्या जिभेला फोड आले.

सकाळी काशव्वानं भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. शिवगोंडानं एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

“ठेचा जहाल झालाय व्हय?”

“न्हाई,” शिवगोंडा म्हणाला. “बरा हाय.”

माणूस हट्टी होता, हे कबूल करायलाच हवं. दुसरा असता तर त्या दिवशी गाशा गुंडाळून गेला असता. शिवगोंडा नदीवर गेला, गार पाण्यात बुड्या मारल्या, आणि पोळलेली जीभ घेऊन तकियावर हजर झाला.

“पोळली?” बाबांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग वढा.”

त्यानं ओढला. आग झाली. तरी ओढला.

“बोर,” म्हणाला.

“उद्या या.”

सहाव्या दिवशी मात्र त्याचा बांध फुटला. चिलीम अर्धी झाली होती. त्यानं नळी खाली ठेवली.

“बाबा, ह्यात फळच न्हाई.”

मुसळ चालू होतं.

“नुसतं पान हाय आनि काकवी. तुमी मला बनवताय. अशी किती माणसं बनवून पाठवलासा आजवर?”

बाबांनी मुसळ भिंतीला टेकवलं. सरकत सरकत पुढं आले. त्यांनी नळी उचलली, ओठांना लावली, आणि तान्ह्या पोराच्या कपाळावर फुंकर घालावी इतक्या हलक्यानं ओढली. पाण्यात एक बुडबुडा उठला. एकच. तो वर आला, फुटला, आणि मग बऱ्याच वेळानं दुसरा.

बाबांनी नळी परत त्याच्या हातात दिली आणि मुसळाकडे गेले.

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. दोन बायका गवताचे भारे घेऊन जात होत्या. त्यातली एक थांबली, मान वळवून तकियाकडे बघितलं, आणि मग दुसरीला गाठायला लगबगीनं निघाली.

शिवगोंडाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो पाण्याकडे बघत होता.

आपली चूक त्याला दिसली, आणि दिसली तेव्हा त्याचे कान तापले. पेठेत कडक पान चाखायची रीत त्यानं या मऊ तंबाखूला लावली होती. बैल हाकायच्या आसुडानं वासराला मारावं तसं. ज्याला मारच नाही त्याचा मार शोधत तो सहा दिवस घसा भाजत बसला होता, आणि जितकं जोरानं ओढत होता तितकं जे काही होतं ते जळून जात होतं. पंधरा वर्षांत ज्या शेतकऱ्यांच्या हलक्या पानाला त्यानं “हं” म्हटलं, ती सगळी पानं त्याला एकदम आठवली. ही आठवण काही सुखाची नव्हती.

सातव्या दिवसापासून तो शिकायला लागला. एक बुडबुडा. मग थांबायचं. मग एक बुडबुडा.

हे दिसतं सोपं. करून बघणाऱ्याला कळतं की छातीतला सगळा जोर आवरून धरणं हे जोर लावण्याहून अवघड काम आहे. पहिल्या दिवशी निखारा तीनदा विझला. दुसऱ्या दिवशी एकदाच. जिभेवरचे फोड सुकले. तंबाखू गोड लागायला लागला. नवव्या दिवशी चिलीम संपली तरी शिवगोंडा भिंतीला पाठ टेकून तसाच बसून राहिला.

“आज काय?” बाबांनी आपण होऊन विचारलं.

“आज उत्तर न्हाई.”

“का?”

“इचारच केला न्हाई. वढत बसलो.” शिवगोंडा थोडा ओशाळला. “बरं वाटलं.”

“हं,” बाबा म्हणाले.

पेठेतल्या पारख्यानं तो ‘हं’ ऐकला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला त्या अक्षराची भीती वाटली नाही.

पण फळ काही सापडलं नाही.

गोडी होती, ती काकवीची. ऊब होती, ती मसाल्याची. पान तर आता त्याला पुरतं ओळखीचं झालं होतं, नदीकाठचं, थंडीआधी खुडलेलं, कवळं. या सगळ्याच्या मागं काहीतरी असणार, असलंच पाहिजे, आणि तिथं हात घातला की हाताला काही लागत नव्हतं.

दहाव्या दिवशी तो “पेरू” म्हणाला. उगाच म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला ते कळलं.

बाबांनी मडकं त्याच्यासमोर आडवं केलं आणि आत हात घालून बुड खरवडलं. मुठीत जेमतेम एका चिलमीपुरता गुडाकू आला.

“उद्याची झाली,” बाबा म्हणाले. “मग सरलं.”

शिवगोंडा कुंभारवाड्यात आला आणि कसाबसा जेवला. मिशांचं त्याला आता फारसं काही वाटत नव्हतं. मिशा काय, परत येतात. त्याला त्या मुसळाचं वाईट वाटत होतं. म्हाताऱ्याच्या कापऱ्या मनगटाला तो गेले दहा दिवस शेजारी बसून बघत होता. उठून ते मुसळ आपण घ्यावं, असं त्याला रोज वाटायचं. ही इच्छा खरी होती, आणि खरी होती म्हणूनच ती जास्त दुखत होती.

अकराव्या दिवशी सकाळी तो नदीवरून आंघोळ करून आला तेव्हा काशव्वा पडवीत उभी होती. खुंटीवरचा त्याचा फेटा तिच्या हातात होता, आणि ती तो कोपऱ्या-कोपऱ्यानं चाचपत होती.

“काय झालं, काशव्वा?”

“कुठं ठिवलंयसा?”

“काय?”

“रामफळ.”

शिवगोंडानं ओला पंचा तसाच खांद्यावर टाकला.

“पिकत घालायचं तर भुश्यात घालावं मानसानं,” काशव्वा म्हणाली. “फेट्यात गुंडाळून खुंटीला टांगायची ही कुठली रीत? आनि पार पिकलंय ते. आज खाल्लं न्हाई तर उद्या नासंल, आनि मुंग्या घरात ईतील.”

“कुठाय रामफळ?”

“ते मी इचारतोय तुमाला. तीन दिस झालं घमघमाट सुटलाय पडवीत. मी म्हनलं, ह्या दिसांत रामफळ मिळालं तरी कुठनं ह्यास्नी. चैत-वैशाखाचं फळ. मला एक फोड द्यावी न्हाई वाटली व्हय?” तिनं फेटा झटकला. त्यातून काही पडलं नाही. तिनं तो नाकाशी नेला आणि परत चाचपला. “हितंच हाय की वो. मग गेलं कुठं?”

शिवगोंडानं फेटा तिच्या हातातून घेतला. तोंड खुपसून वास घेतला.

कापडाचा वास आला. घामाचा आला. थोडा निखाऱ्याचा आला.

दुसरं काही आलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याचा कळसा तर डोक्यावर होता, आणि तरी याला तो दिसत नव्हता.

“काशव्वा,” त्यानं विचारलं, “तंबाकूचा वास येतोय का ह्याला?”

“तंबाकूचा?” काशव्वाचा चेहरा कडवट झाला. “तंबाकूचा आला असता तर खुंटीवर ठिवला असता व्हय मी?”

शिवगोंडानं फेटा बांधला. घाईत एक वेढा सैल बसला. तो तसाच निघाला.

तकिया तिथून दोन शेतांवर. एवढ्या वाटेत माणसाचं मन काय काय वकिली करतं ते ऐकण्यासारखं असतं. बाबा “सांगा” म्हणाले होते. “जिभंनं सांगा” असं कुठं म्हणाले होते? उत्तर बरोबर असलं म्हणजे झालं. फेटा कुणाचा? माझा. त्यातला धूर कुणी ओढलेला? मी. मग वास कुणाच्या नाकानं घेतला याला एवढं काय महत्त्व? आणि म्हाताऱ्याचं मनगट किती दिवस चालणार? मी नाही घेतलं मुसळ तर हुन्नर मातीत जाणार. म्हणजे माझं खोटं, झालंच तर, हुन्नरापायीच.

वकील हुशार होता. पेठेत वाढलेला होता.

बाबांनी शेवटची चिलीम भरून ठेवली होती. शिवगोंडा बसला. नळी हातात घेतली. आता फळाचं नाव ठाऊक आहे, तर निदान ठाऊक असल्याचा तरी उपयोग होईल, असं त्याला वाटलं. एक बुडबुडा. रामफळ, तो मनात म्हणाला. एक बुडबुडा. रामफळ. लहानपणी मामाच्या मळ्यात खाल्लेलं आठवलं, त्याचा तो रवाळ गर, त्याची काळी बी. सगळं आठवलं.

धुरात काही नव्हतं.

चिलीम विझली. बाहेर रस्ता रिकामा होता. बाबा कुटत होते, पुढच्या वर्षाचं पान असावं.

“आज काय?”

“रामफळ,” शिवगोंडा म्हणाला.

मुसळ थांबलं.

अकरा दिवसांत ते पहिल्यांदा असं मध्येच, उचललेलं असताना थांबलं. बाबांनी ते सावकाश खाली घेतलं. फडक्यानं पुसलं. मग दोन्ही हातांनी शिवगोंडापुढं धरलं.

“घ्या.”

शिवगोंडानं घेतलं. जड होतं. मधोमध, जिथं मूठ पडते तिथं, लाकूड झिजून बारीक झालं होतं. त्याची मूठ तिथं बरोबर बसली. याच्यासाठी तो आला होता. याच्यासाठी त्यानं जीभ भाजली, उपास काढले, पुन्हा पुन्हा “उद्या या” ऐकून घेतलं.

तो उखळाशी सरकला. मुसळ उचललं...

आणि ते उखळात काही पडेना.

“बाबा, ही माझी पारख न्हाई.”

बाबा बघत होते.

“काशव्वानं सांगितलं. कुंभारणीनं. मला ठाव बी नव्हतं, सकाळी ती आपनहून बोलली. मला रामफळ आलंच न्हाई, बाबा. पैल्या दिशी आलं न्हाई आनि आज बी आलं न्हाई. नाव ठाव असताना बी आलं न्हाई.” त्यानं मुसळ भिंतीला लावून ठेवलं, नीट, पडू नये असं. “ज्या मानसाला समोरचं कळत न्हाई त्यानं कुटून काय करायचं? मी जातो. पेठंत सांगतो, हरलो म्हनून. मिशांचा सबूद दिलाय, तो बी पाळतो.”

आत काय चाललं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण ठरलं ते ठरलं होतं.

बाबांनी विचारलं ते भलतंच.

“काय म्हनाली काशव्वा? नेमकं?”

“म्हनाली, फेट्यात रामफळ ठिवलंयसा काय.”

“रामफळच म्हनाली? सीताफळ न्हाई?”

“रामफळच.”

“कच्चं का पिकलेलं?”

“पार पिकलंय म्हनाली. आज खाल्लं न्हाई तर उद्या नासंल म्हनाली.”

“आनि तंबाकूचा वास?”

“तो आलाच न्हाई म्हनाली.”

बाबांनी डोळे मिटले. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे टाकले. मुलगी बाळंत झाल्याचा, दोघंही सुखरूप असल्याचा सांगावा यावा आणि बापानं खाली बसावं, तसे ते बसून राहिले.

शिवगोंडाला काही उमजेना. तो उठला. दाराशी जाऊन पायताणात पाय घातले. आणि मग, जाताजाता, त्याच्यानं राहवलं नाही. पारखीच तो. हरला तरी पारखी.

“येक सांगा बाबा, मग जातो.”

बाबांनी डोळे उघडले.

“तुमाला हा वास लागतो कुठं? जिभंवर, का घशात, का नाकात? मी कुठं चुकलो तेवढं तरी कळू द्या.”

बाबांनी विझलेली चिलीम उपडी केली. राख हातावर घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि ती दाराबाहेर टाकली.

“पायताण काढ, शिवगोंडा. आत ये.”

“पर वास...”

“मला?” बाबा म्हणाले, आणि माणसं रेंगाळायची त्या रस्त्याकडे बघितलं. “मला तरी अजून कुठं आलाय.”